बादलीसाठी सोडलेला कोपरा

भावजी, मी तुमच्यावर रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण गेला दीड महिना जो येतो तो तुमच्याबद्दल इतकं गोड बोलतो, की माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या पडद्यांना नावं ठेवणारा माणूस कुणी वेगळाच असावा असं मला वाटायला लागलंय. परवा तुमच्या कॉलेजातला एक मुलगा आला होता. म्हणाला, "त्यांनी कधी कुणाला दुखवलं नाही." मी त्याला कॉफीचा दुसरा कप विचारला नाही.

तुम्ही गेलात याचा राग आहेच. ओल्या पानांवरून स्कूटर घसरते हे जर्मनीत सहा पानगळी काढलेल्या माणसाला मी सांगायचं? पोलिसांनी तुमच्या दादांच्या हातात एक कागद ठेवला. त्यावर आकृती होती. रस्ता म्हणून दोन समांतर रेघा, खांब म्हणून एक काळं टिंब, आणि तुम्ही म्हणून एक फुली. दादा तो कागद धरून नुसते उभे होते. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिला, आणि देवाशपथ सांगते, माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की आकृती फार खाली घेतलीय, वरची जागा उगाच वाया गेलीय. दुसऱ्या कुठल्या बाईच्या मनात असं येईल? हे तुम्ही करून ठेवलंत माझं. धड रडूही देत नाही तुमचं ते शिक्षण.

पण आज भांडायला बसले आहे ते दुसऱ्याच गोष्टीवरून. ते भांडण आपलं अर्धं राहिलंय. तुम्ही दारात बूट घालता घालता म्हणालात, "पुढच्या वेळी नीट बोलू, वहिनी. मला सांगायचंय," आणि गेलात. आता पुढची वेळ कुठली? तेव्हा माझीच बाजू सांगते. तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगेन, पण माझ्या बाजूने ते तुम्ही कधी पुरतं ऐकलं नाहीत. मी गोष्ट सुरू केली की घरातले सगळे आधी पाणी पिऊन घेतात, हे मला माहीत आहे. तुम्हाला आता तहान नाही. ऐका.

मी लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा मी वीस वर्षांची, तुम्ही सात. रीत म्हणजे रीत. चड्डीची नाडी लोंबत असलेल्या पोराला मी "अहो भावजी, नाक पुसा" म्हणत असे. सकाळी मी दारात रांगोळीला बसले की तुम्ही समोर उकिडवे. "वहिनी, ठिपके मी घालू?" चिमटीतून पूड कशी सोडायची हे तुम्हाला मी शिकवलं. तुमच्या जवळच्या ओळीतले ठिपके ज्वारीएवढे आणि लांबच्या ओळीतले बोराएवढे.

"सारखे घाला हो," मी म्हणायची.

"लांबचे लहान दिसतात. म्हणून मोठे घातले."

सात वर्षांचे होतात, पण उत्तर तयार असायचं. तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. तेव्हाच एक धपाटा घालायला हवा होता.

पुढे तुमच्या दादांना मोटारींच्या कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही इकडे जर्मनीत, नेकारसुल्मला आलो. शैलू कडेवर होती. तीन वर्षांनी तुम्हीही आलात, रेल्वेने दोन तासांवरच्या त्या डिझाइनच्या कॉलेजात. शनिवारी दुपारी यायचात, रविवारी संध्याकाळी डबा घेऊन जायचात. पहिलं वर्षभर तुमचा अभ्यास म्हणजे एक काळा चौकोन आणि एक काळा गोल, कात्रीने कापलेले, पांढऱ्या कागदावर इकडून तिकडे सरकवायचे. मी दादांना म्हटलं, "अहो, ह्यांची प्रकृती बरी आहे ना?" दादा म्हणाले, "गेनाऊ, मीही तेच म्हणतोय." कारखान्यात चार माणसांत वावरून त्यांना 'अगदी बरोबर' म्हणायचा तो एक शब्द लागला आहे, पटलं तरी गेनाऊ, नाही पटलं तरी गेनाऊ.

मग तुम्ही मलाच शिकवायला घेतलंत.

"वहिनी, हे दोन असे ठेवा, की कागद कलंडणार नाही."

"कागद कशाला कलंडेल? टेबलावर तर आहे."

"डोळ्याला कलंडल्यासारखा दिसता कामा नये."

मी चौकोन मधोमध ठेवला, गोल त्याच्या डोक्यावर. तुम्ही कपाळाला हात लावलात. "हे देवघर झालं, वहिनी." मी म्हटलं, देवघरात काय वाईट आहे? तुम्ही म्हणालात, वाईट काही नाही, पण तिथे डोळ्याला काही काम उरत नाही, तो झोपतो. मग चौकोन एका कडेला सरकवलात आणि तो एवढासा गोल पार लांब दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलात. आणि खरंच हो, कागद सावरला. लांब गेल्यावर लहानालाही वजन येतं, हे मला तेव्हा दिसलं. ते मी कबूल करते. रागात असले तरी खोटं बोलणार नाही.

त्याच दिवशी तुमचं पान वाढलं. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि वाटीत आमटी. मध्ये भाताची मूद. तुम्ही हात धुऊन बसलात आणि बसून राहिलात.

"वहिनी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"काय?"

"डावीकडे थोडं थोडं, पण जहाल. उजवीकडे पुष्कळ, पण सौम्य. दोन्ही बाजूंचं वजन सारखं! आणि हा पांढरा डोंगर मध्ये, म्हणजे नजर आधी इथेच येणार!"

"भात निवतोय."

तुम्ही पेन्सिल काढलीत आणि ताटाचं चित्र काढत बसलात. भात निवला, आमटीवर साय आली. मला राग आला आणि आतून लाजही वाटली, म्हणजे चांगली लाज. तोवर मला वाटायचं, मी जेवायला वाढते. त्या दिवशी कळलं की मी काहीतरी मांडते आहे. माझ्या आईने मांडलं, तिच्या सासूने मांडलं, कुणी त्याला नाव दिलं नव्हतं. तुम्ही दिलंत. समतोल, विरोध, लय, प्रमाण, जोर कुठे द्यायचा, आणि सगळं मिळून एक कसं दिसायचं. मला पाठ झालं. फक्त प्रमाणाचा विषय निघाला की मी कपाटाच्या आरशासमोरून बाजूला व्हायची.

आता मुख्य गोष्ट. पाणी पिणाऱ्यांनी आता परत यावं.

आमच्या घरमालकीण फ्राऊ हेबरले तळमजल्यावर, आम्ही वर. इथली रीत तुम्हाला माहीत आहे. एक आठवडा जिना, पायऱ्या आणि दारापुढचा दगडी चौथरा त्यांनी झाडायचा-पुसायचा, पुढचा आठवडा आम्ही. ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी. ह्या झाडायच्या पाळीला केरवोखे म्हणतात. नावातच केर, त्यामुळे मला पहिल्या दिवशीच पाठ झालं. पहिल्या दिवाळीला मी पुण्याहून आणलेल्या डब्यातली रांगोळी चौथऱ्यावर घातली, आणि फ्राऊ हेबरले दहाव्या मिनिटाला ओला फडका घेऊन हजर. "फ्राऊ सबनीस, पायरीवर काहीतरी सांडलंय!" पुसूनही टाकलं. माझ्यावर उपकार केल्याच्या आनंदात गेल्या.

मी काही कमी नाही. इथे फरशा घासायला पांढरी बारीक वाळू मिळते, पुड्यात. चिमटीतून रांगोळीपेक्षा सरळ सुटते. पुढच्या खेपेला माझी पाळी असलेल्या आठवड्यात मी त्या वाळूची रांगोळी घातली, आणि फ्राऊ हेबरलेंना सांगितलं, की संध्याकाळी ह्याच वाळूने चौथरा घासणार आहे, सकाळपासून फक्त मांडून ठेवली आहे. माझं जर्मन म्हणजे नामं सगळी रांगेत उभी आणि क्रियापदं गावाला गेलेली, तरी त्यांना पोचलं. घासायच्या वाळूवर त्या आक्षेप तरी काय घेणार! बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आल्झो, बरं तर, फार व्यवस्थित आहे." तेव्हापासून एक आठवडाआड माझ्या दारात रांगोळी. अख्ख्या गल्लीत माझ्याइतका घासलेला चौथरा कुणाचा नव्हता.

एकच अडचण. चौथऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात फ्राऊ हेबरलेंची जस्ताची बादली. तिच्यावर फडका वाळत घातलेला. मी एकदा ती वीतभर सरकवली होती. त्या आल्या, वीतभर परत सरकवली, गेल्या. मग मी समजले. पंधरा ठिपके पंधरा ओळी घालायच्या तर डाव्या कोपऱ्यात जागाच नाही. तिकडचे ठिपके मी सोडले. पण ठिपके सोडले की वेलीच्या रेघा तिथे उघड्या पडतात. त्या मी आत वळवल्या, आणि वळवल्यावर मधलं फूल मधोमध राहीना, ते उजवीकडे सरकवलं, आणि तरीही डावीकडे हलकं वाटायला लागलं म्हणून वरच्या बाजूला लांब एक कळी काढली, एकटीच. तुमचा लांबचा गोल आठवला होता मला. हे सगळं तासाभरात, थंडीत, कमरेतून वाकून, आणि माझी कंबर म्हणजे काय ते तुम्ही जाणता.

तुम्ही त्या शनिवारी स्टेशनवरून आलात, आणि वर आलाच नाहीत. मी खिडकीतून पाहिलं तर जिन्याच्या पायरीवर उकिडवे, मांडीवर वही. पुन्हा सातच वर्षांचे. मी खाली आले.

"वहिनी, हा कोपरा असा का सोडलात?"

"तिथे बादली आहे."

तुम्ही इतके हसलात की फ्राऊ हेबरलेंनी दार उघडून पाहिलं. मीही हसले. भावजी, तो दिवस मी अजून जपून ठेवलाय, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

कारण त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. डिप्लोमा मिळाला तेव्हा पेढे म्हणून मी दुधाच्या पावडरीचं काहीतरी केलं, तुम्ही खाल्लंत. "काम कसलं केलंत?" विचारलं तर "रिकाम्या जागेवर," म्हणालात. मला वाटलं, असेल काही थोर.

आणि मग ह्या सप्टेंबरात मी शैलूला घेऊन शेजारच्या हाइलब्रोन शहरात गेले होते, तिच्या हिवाळी बुटांसाठी. एका पडद्यांच्या दुकानाच्या काचेत माझी रांगोळी टांगलेली. राखाडीवर पांढरी. एकाखाली एक, एकाशेजारी एक, छतापासून जमिनीपर्यंत. ओळखायला चूक होणार कशी? प्रत्येक रांगोळीत डावा कोपरा रिकामा, प्रत्येकीत फूल सरकलेलं, प्रत्येकीत वर ती एकटी कळी. एका पडद्यावर दोनशे बादल्यांची जागा. मी आत जाऊन विक्रेत्या बाईला सांगितलं, "हे माझं आहे." ती म्हणाली, "नक्कीच, किती मीटर बाजूला काढून ठेवू?" शैलू मला बाहीला धरून बाहेर घेऊन आली.

त्या शनिवारी तुम्हाला विचारलं. तुम्ही टेबलाशी बसला होतात, दादा पेपर वाचत होते.

"भावजी, हाइलब्रोनला पडदा पाहिला."

तुम्ही लाल झालात. तेवढं खरं. मग म्हणालात, "वहिनी, डिप्लोमाचं ते काम पडदेवाल्यांनी घेतलं. मी सांगणारच होतो."

"कधी? घराघरात लागल्यावर?"

"अहो, पण रांगोळी कुणा एकाची नसते. ती लोककला. लोकांची."

भावजी, दीड महिना मी ह्या वाक्याला उत्तर देतेय. भांडी घासताना देते, ट्राममध्ये देते, झोपेत देते असं दादा म्हणतात. आता तुम्हाला देते. लोक म्हणजे कोण हो? त्या सकाळी चौथऱ्यावर किती लोक बसले होते? कमरेतून किती लोक वाकले होते? बादलीपाशी रेघ आत वळवायची हे कुठल्या लोकांनी ठरवलं? एकच लोक होते तिथे, आणि तुम्ही त्यांच्याच हातचं जेवत होतात.

हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी नुसती उठले आणि तुमचं पान वाढलं. मीठ कुठेतरी, चटणी भातावर, भाजी आणि कोशिंबीर एकमेकांत, सगळं एका कडेला ढकललेलं. अर्धं ताट मोकळं. खानावळीतही असं वाढत नाहीत. तुम्ही पाहिलंत. दादांना काही कळलं नाही, त्यांना कशातही काही कळत नाही, पण तुम्हाला कळलं.

"वहिनी, तोल गेला," हळूच म्हणालात.

"गेलाच आहे," मी म्हटलं.

तुम्ही सगळं खाल्लंत. एक शीत ठेवलं नाहीत. आणि ते तुम्हाला माझ्या हातचं शेवटचं पान. मी तुम्हाला शेवटचं असं वाढलं, हे आता मला घेऊन राहायचंय. ह्याचाही राग तुमच्यावरच काढणार, दुसरं कोण आहे?

गेल्या महिन्यात तुमच्या प्रोफेसरांचं पत्र आलं. कॉलेजच्या मोठ्या दालनात तुमची कामं टांगणार, घरच्यांनी यावं. सोबत तुम्ही डिप्लोमाला लिहिलेली चार पानं. शैलूने वाचून अर्थ सांगितला. पोरगी मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्ये देते. मी मराठीत ओरडते, ती जर्मनमध्ये ऐकून घेते, असा आमचा संसार. चार पानांत रिकाम्या जागेचं किती वर्णन! डावीकडची पोकळी बोलते काय, नजरेला बोलावते काय, फुलाला ढकलते काय. जाणीवपूर्वक, जाणीवपूर्वक. मी दोनदा विचारलं, "शैलू, बादली आली का?" शैलूने शेवटपर्यंत शोधली. नव्हती. वहिनीही नव्हती.

मी दादांना म्हटलं, "तिथे माझं नाव लागायला हवं."

दादांनी पत्राची घडी घातली. ह्या वेळी गेनाऊ आलं नाही. मग म्हणाले, "अगं, तुझं नाव लागलं की त्याचं काय होईल? त्याच्या मास्तरांसमोर, मित्रांसमोर? तो आता उत्तर द्यायलाही नाही."

"मीही त्या चार पानांत उत्तर द्यायला नव्हते."

"तो माझा धाकटा भाऊ आहे."

"आणि त्यांचं नाक मी पुसलंय," मी म्हटलं.

पण त्यांचं म्हणणं मला टोचलं. मी तुमची चोरी उघडी करणार, तीही तुम्ही मेल्यावर. आणि नाही केली तर तो पडदा आयुष्यभर माझ्या डोळ्यांसमोर लोंबणार. रेल्वेत दोन तास मी तोंड शिवून बसले. ठरवलं होतं, गप्प राहायचं. तुमच्या आईसाठी, दादांसाठी. मी गप्प राहायचं ठरवलं हे ऐकून तुम्ही हसला असतात, ते मला ठाऊक आहे.

दालन मोठं, पांढरं. तुमची कामं भिंतीवर, आणि मधोमध ती. माणसाएवढी उंच, राखाडीवर पांढरी. खाली छोटी पट्टी, त्यावर तुमचं नाव. मी पाहिलं आणि मला पहिल्यांदा कळलं की ती सुंदर आहे. चौथऱ्यावर असताना ती मला नुसती जमलेली वाटली होती. तुम्ही तिला उभं केलंत, मोठं केलंत, तो राखाडी तुमचा, ती शांतता तुमची. हेही खरं. मला रडू यायला लागलं होतं. मग प्रोफेसर बोलायला उभे राहिले. उंच, म्हातारे, हात मागे बांधलेले. त्यांनी तुमची चार पानं घेतली आणि सावकाश वाचू लागले. ही पोकळी अपघाताने आलेली नाही, असं वाचलं. कलावंताने ती निवडली आहे, असं वाचलं. लोक मान हलवत होते. एका बाईने उसासा टाकला.

आणि मी मराठीत ओरडले, "अहो, तिथे बादली होती!"

सगळे वळले. दादांनी मान खाली घातली. मला जर्मनमधला एकही शब्द आठवेना, नामंसुद्धा पळाली. तेव्हा शैलू उभी राहिली. दहा वर्षांची, दोन वेण्या, नवे बूट. स्वच्छ आवाजात जर्मनमध्ये म्हणाली, "माझी आई म्हणते, तिथे बादली होती. फ्राऊ हेबरलेंची. ती सरकवायची नसते."

कुणीतरी हसलं. प्रोफेसर हसले नाहीत. ते ह्या प्रांतातलेच असणार, कारण त्यांनी एवढंच विचारलं, "पाळी कुणाची होती?"

"आमची," शैलू म्हणाली. "आमच्या पाळीतच आई काढते. वाळूने. आणि संध्याकाळी घासते."

ते माझ्याजवळ आले. चित्रातल्या त्या कोपऱ्याकडे बोट केलं, जिथे वेल आत वळते. शैलूकडून विचारलं, की जागा नव्हती तर रेघ तिथेच का थांबवली नाही, वळवली का?

भावजी, सहा वर्षांत हा प्रश्न तुम्ही मला विचारला नव्हता. कोपरा का सोडला एवढंच विचारलंत, आणि उत्तरावर हसलात. रेघ का वळवली, ते तुम्ही चार पानांत स्वतःच ठरवून टाकलंत.

मी म्हटलं, "थांबवली असती तर ती रांगोळी झाली नसती. सांडलेली वाळू झाली असती."

शैलूने सांगितलं. प्रोफेसर भिंतीपाशी गेले आणि तुमच्या नावाची पट्टी नखाने उचकटून काढली. तो आवाज एवढासा, पण ऐकताच मी पुढे झाले. म्हटलं, "शैलू, सांग त्यांना, रंग भावजींचे आहेत. एवढं मोठं त्यांनी केलंय. ती पानं त्यांची आहेत. ठिपके घालायला मी शिकवलं, पण हे त्यांनीच केलंय. त्यांचं नाव काढायचं नाही. सांग." शैलू इतकं सगळं एका दमात कसं सांगणार? रडायलाच लागली.

तेव्हा दादा पुढे आले. त्यांनी कारखान्यातल्या जर्मनमध्ये, मोजून-मापून सांगितलं, की मूळ आकृती माझ्या बायकोची, आणि तिच्यापासून हे चित्र माझ्या भावाने बनवलं. मोटारीचा सुटा भाग कुणी आखला आणि कुणी घडवला हे सांगावं, तसं. ह्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं त्यांच्या आवाजावरून कुणालाही वाटलं नसतं. त्यांना कशातही काही कळत नाही असं मी वर लिहिलंय ते मागे घेते.

तुमच्या वर्गातली एक मुलगी बसली आणि तिथल्या तिथे नवी पट्टी लिहायला घेतली, काळ्या शाईने. आमच्याकडे नावं विचारली. वर आखणी, माझं नाव. खाली काम आणि मजकूर, तुमचं. मग तिने जन्मसालं विचारली, तिथे सगळ्या पट्ट्यांवर असतात. माझं दादांनी सांगितलं. तिने माझं साल लिहिलं, पुढे एक आडवी रेघ काढली, आणि हात उचलला. खालच्या ओळीत तुमचं साल लिहिलं, आडवी रेघ काढली, आणि रेघेच्या पुढे ह्या वर्षाचं साल लिहिलं.

पट्टी लावली. प्रोफेसरांनी विचारलं, बरोबर आहे का. सगळे माझ्याकडे बघत होते. अक्षरं एका उंचीची, समास नीट, दोन ओळींमधलं अंतर तुम्हीही मोजून पाहिलं असतंत तर चूक सापडली नसती. मला हवं होतं ते सगळं त्या पट्टीवर होतं. मी हो म्हणाले. लोक पुढच्या चित्राकडे गेले, आणि मी तिथेच उभी राहिले.

मी तेरा वर्षांनी मोठी आहे तुमच्याहून. माझ्या रेघेपुढे कोरं आणि तुमच्या रेघेपुढे भरलेलं. भावजी, ही मांडणी मला मान्य नाही.